उजेडाची सवय

१

बटव्यापासून सुरू करते, म्हणजे सगळं ओळीने सांगता येईल.

बटवा म्हणजे आमचा शिंपला. जायंट क्लॅम म्हणतात त्याला, पण नावावर जाऊ नका, आमचा जेमतेम मुठीएवढा. नागमोडी कडांची दोन जाड कवचं, आणि त्यांच्या फटीतून बाहेर आलेली मखमली झालर. निळी, मोरपिशी, काठाला काळे ठिपके. दोरी सैल सोडल्यावर बटव्याचं तोंड कसं फुलतं, अगदी तसं. ताईने बघताक्षणी नाव ठेवून टाकलं. मी काहीतरी भारदस्त शोधत होते, पण ताईने ठेवलेलं नाव टिकतं, मीही टकळीच राहिले ना शेवटी.

विकणारे ते खारेकाका. आडनाव खारे नाही, पण खाऱ्या पाण्याचे मासे विकतात, दुकानभर मिठाच्या गोणी, मग दुसरं काय म्हणणार. बोलायला लागले की माझ्यासारखीलासुद्धा मधे शिरता येत नाही. त्यांनी मला शिंपला पिशवीत बांधून द्यायच्या आधी तासभर उभं करून शिकवलं. या झालरीत बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि हा बसल्या जागी खातो, घरजावयासारखा. म्हणजे याला लागतो उजेड, भरपूर. पण एकदम द्यायचा नाही. आधी तळाला, वाळूवर, दिव्याच्या कडेला ठेवायचा. मग आठवड्याला एक दगड वर, थोडा दिव्याजवळ. परत थांबायचं. पचला की पुढची पायरी.

आणि ठेवायचा तो एका चपट्या दगडी चकतीवर. शिंपल्याला पाय असतो, पायातून धागे निघतात, त्यांनी तो खाली घट्ट धरतो. एकदा धरलं की ओढायचं नाही. हलवायचा तर चकतीसकट, हळू, कळणार नाही असा. "त्याला वाटलं पाहिजे की तो आधीपासून इथेच होता," असं काका म्हणाले.

एका बाईंनी ओढला होता म्हणे. पाय आतून फाटला. पण पुढे कितीतरी दिवस तो छान उघडत होता, बाई खूश. ओढलेला शिंपला लगेच मरत नाही, वैताग तोच आहे.

२

आमच्या घरात एक हॉल, हॉलमधून आत जाणारा लांबट पॅसेज, त्यात एकीकडे स्वयंपाकघर, एकीकडे झोपायची खोली आणि टोकाला नुसता कोपरा. तिथे आधीच्या भाडेकरूंचं कपाट असणार, भिंतीवर तेवढा चौकोन फिकट राहिलाय. खिडकी नाही. बल्बचा होल्डर आहे, बल्ब नाही. लावू लावू म्हणत राहिलो आणि सवय झाली, आत चाचपडत जायची.

हॉलमधे मोठी खिडकी, खिडकीपाशी ताईचं टेबल. टँक भिंतीला, खिडकी आणि पॅसेजच्या बरोबर मधे. सोफा समोर.

ताई दात करते. म्हणजे डेंटल लॅबमधे आहे, चिनीमातीचे दात. शेवटचं रंगाचं काम ती घरी आणते, कारण लॅबमधे ट्यूबलाइट आणि तिचं म्हणणं की ट्यूबलाइटमधे सगळ्यांचेच दात मेलेले दिसतात. तिच्याकडे एक पट्टी असते, त्यावर दातांचे नमुने, पांढऱ्यातले इतके प्रकार की आपल्याला ते सगळे एकच वाटतात. ती खिडकीशी दात धरते, डोळे बारीक करते, ब्रशने एवढासा पिवळा, एवढासा राखाडी लावते. दिवस ढगाळ असेल तर काम बंद. उजेडाच्या बाबतीत इतकं नाक मुरडणारी माणसं मी दोनच बघितली, ताई आणि खारेकाका.

माझं काम बोलायचं. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या फोनवर बसते मी. कोणी लिफ्टमधे अडकलं की आतलं बटण दाबतात आणि मला फोन लागतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं. बसा, श्वास घ्या, दार ओढू नका. सावकाश, सपाट आवाजात. हा आवाज ताईकडूनच उचललाय मी. लहानपणी आई कामावर असायची आणि रात्रीची वीज गेली की ताई असंच बोलत बसायची माझ्याशी. म्हणजे मला माणूस म्हणून जे काही येतं ते तिचंच आहे, हे मधेच सांगून ठेवते.

३

तर बटवा वाळूवर बसला, झालर पसरली, आम्ही दोघी चहाचे कप घेऊन समोर. मग एका रविवारी मी बघितलं तर तो वळला होता.

वळतात, पायावर फिरतात, त्यात काही नाही. पण दिवा वर, थोडा खिडकीच्या बाजूला, आणि हा वळला होता पॅसेजकडे. झालरसुद्धा तिकडची जास्त बाहेर, इकडची आखडलेली. मी चकती हळूच फिरवली, तोंड दिव्याकडे केलं. दोन-तीन दिवसांत परत पॅसेजकडे.

खारेकाकांना विचारलं. त्यांनी पाण्याच्या प्रवाहापासून माझ्या चारित्र्यापर्यंत सगळ्याची चौकशी केली. प्रवाह ठीक होता. मग म्हणाले, जिथून उजेड येतो तिकडेच वळतो तो, दुसरं त्याला कळतंय काय, तूच काहीतरी बघत नाहीयेस. मी म्हटलं, तिकडे अंधार आहे हो. तर म्हणाले, मग शिंपल्याला सांग तसं.

आम्ही दोघी हसलो त्यावर. ताई म्हणाली, बटव्याला आत जाऊन झोपायचं असेल, तुझी टकळी ऐकून ऐकून.

४

टेबलाचं मला आधी लक्षातच आलं नाही. खिडकीपासून एक फरशी अलीकडे आलं होतं. वाटलं, ताईला ऊन लागत असेल. पुढे अजून एक फरशी. मग मी म्हटलं, ताई, उन्हाचं एवढं काय, पडदा लावू की.

ताई म्हणाली, मला वाटलं तूच सरकवलंस.

मी का सरकवू?

झाडायला म्हणून, ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी झाडण्यावरून भांडलो, कारण मी झाडते हे ताईला कधीच खरं वाटत नाही. टेबल राहूनच गेलं. आता वाटतं, तेव्हा उचलून परत खिडकीशी लावायला हवं होतं. पण तिथेही ते वाईट दिसत नव्हतं. चारही पाय फरशीच्या रेषेला लागून, सरळ. आणि ताई कामाला बसली की असं वाटायचं, टेबल आधीपासून इथेच होतं.

खिडकी मागे राहिली, तर आता रंग कसे दिसतात, विचारलं मी.

बरे दिसतात, ती म्हणाली. खिडकीत जरा जास्तच निळं असतं.

५

झालरीच्या काठावर डोळे असतात, हे सांगायचं राहिलं. शेकडो. पापण्या-बिपण्या नाहीत, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं. वर सावली पडली की कोणीतरी खायला आलं असं समजून झालर सपकन आत. नवा होता तेव्हा मी नुसती समोरून गेले तरी मिटायचा. पण रोजच्या सावलीला ते सरावतात. महिन्याभरात त्याला मी आणि ताई सारख्याच, टँकवरून हात नेला तरी ढिम्म.

त्या दुपारी मला सुट्टी होती. ताई टेबलाशी, मी सोफ्यावर मोबाइल घेऊन पडलेली. बटवा उघडा. आणि त्याच्या झालरीची पॅसेजकडची कड आत गेली. मग मधली. मग खिडकीकडची. एकदम नाही, ओळीने, पडदा ओढतात तसा.

पंखा असेल म्हणून पंखा बंद केला. खिडकीवर कबूतर आलं असेल, तर खिडकीच्या बाजूने आधी मिटला असता. मी परत बसले. तो उघडला, हळूहळू. थोड्या वेळाने परत, पण आता उलट. खिडकीकडची कड आधी, पॅसेजकडची शेवटी.

म्हणजे कोणीतरी आलं आणि परत गेलं. हे मी मनात म्हटलंसुद्धा, अगदी गमतीत, लिफ्टवाल्या आवाजात.

ताईकडे बघितलं तर ती दातावर ब्रश फिरवत होती. टेबल आणि खिडकीच्या मधे आता चांगली जागा झाली होती, कोणी चालत गेलं तर अडखळणार नाही एवढी. सकाळी होती का तेवढी, मला आठवेना. फरशा मोजायला उठत होते, पण उठले नाही. आपणच मोजायला लागलो की आपल्यालाच काहीतरी झालंय हे मान्य करावं लागतं.

६

मग दिवा गेला. बटव्याचा दिवा, एक दिवस लागेचना. खारेकाकांनी दुरुस्तीला ठेवून घेतला आणि सांगितलं, वेळ लागेल, शिंपला मलूल पडेल, झालर फिकी होईल, घाबरू नकोस.

झालर फिकी झाली नाही. इतकी फुलली की कवचाच्या बाहेर सांडायला लागली. निळा असा चढला की ताई दात बाजूला ठेवून बघत बसायची. तोंड पॅसेजकडे. मी काकांना फोटो पाठवला, तर त्यांनी विचारलं, नवा दिवा कुठला घेतलास, मला न सांगता.

त्याच आठवड्यात लॅबमधून ताईला फोन आला. तिचे दात परत येत होते. डॉक्टर म्हणत होते, रंगच जुळत नाही, तोंडात बसवला की जांभळट दिसतो. ताईने इतक्या वर्षांत परत आलेला दात बघितला नव्हता. लॅबवाल्यांनी सांगितलं, घरचं काम बंद, सोमवारपासून इथे येऊन बसा, नाहीतर दुसरं माणूस बघतो. ताई हो हो म्हणाली आणि फोन ठेवून परत रंगवायला लागली. मला तिच्या त्या शांतपणाचं जरा कसंसंच वाटलं. परत आलेल्या दातावर ताई दोन दिवस जेवली नसती, एरवी.

मी तिच्या हातातला दात खिडकीशी नेऊन बघितला. जांभळट होता. मलासुद्धा दिसत होतं.

"इकडे आण," ताई म्हणाली. तोवर टेबल पॅसेजच्या तोंडाशी पोचलं होतं. तिने दात घेतला आणि आत, कोपऱ्याच्या बाजूला धरला. "आता बघ."

खरा होता. खोटं नाही सांगत, चिनीमातीचा वाटतच नव्हता. ओला, आतून गुलाबी, आत्ता कोणाच्या तोंडातून आल्यासारखा. पट्टीवरच्या कुठल्याच नमुन्यात तो रंग नव्हता. मी बघतच राहिले, छान आहे गं म्हटलं, आणि मग डोक्यात आलं की मला हे दिसतंय कसं. त्या होल्डरमधे बल्ब नाही.

काकांकडून लाइट मीटर आणलं. टँकमधे कुठे किती उजेड पोचतो ते मोजायचं असतं, वायरीच्या टोकाला बटणाएवढा डोळा आणि हातात आकडे. खिडकीशी धरलं, आकडा आला. पॅसेजच्या तोंडाशी धरलं, आकडा वाढला. मी हात लांब करून डोळा अंधारात धरला, तर आकडे चढत गेले आणि मग मीटरने नुसत्या रेघा दाखवल्या. त्याच्या मापाबाहेर गेलं की तसं करतं ते.

बिघडलंय म्हणून परत नेऊन दिलं. काकांनी माझ्यासमोर चार टँकमधे बुडवून बघितलं. चांगलं होतं.

तिथे उभ्या उभ्या त्यांनी एका गिऱ्हाइकाला शिंपला विकला. तेच सगळं सांगत होते. आधी कडेला. मग एक पायरी. मग थांबायचं. चकतीसकट, कळणार नाही असा. मी ते पाठ झालेलं ऐकत होते, आणि "पचला की पुढची पायरी" आलं तेव्हा मला एकदम घरी जावंसं वाटलं.

७

मावशीला फोन केला वाटेतच. म्हटलं, ताईला आणते, राहू आठ दिवस. मावशीने काय झालं, कोणी काही बोललं का, लग्नाबिग्नाचं काही आहे का, सगळं विचारून घेतलं आणि या म्हणाली. तिच्या घराला सगळीकडून खिडक्या आहेत. मी मनात ठरवलं होतं, ताईला आधी घराबाहेर काढायचं, विचार नंतर.

दुपारचे साडेतीन वगैरे. हॉलभर ऊन. टेबल पॅसेजमधे होतं, आत, कोपऱ्यापासून हातभर. ताई पाठमोरी. समोर दातांची रांग मांडलेली, सगळे ओले, गुलाबी.

मी पिशवी भरली. तिचे कपडे, ब्रश, पट्टी. बोलत होते सारखी, मावशीकडे काय काय करू ते. ताई हूं हूं करत होती, अगदी प्रेमाने. म्हटलं, चल, रिक्षा बोलावते. तर म्हणाली,

"माझा इथून पायच निघत नाही गं."

हे वाक्य आमच्या घरात सगळे म्हणतात. मावशीकडून निघताना आई म्हणायची, सुट्टी संपली की मी म्हणायचे. मी हसले. तिच्या दंडाला धरलं आणि ओढलं, लाडात ओढतात तसं. ती आली नाही. म्हणजे कमरेपासून वर आली, माझ्याकडे झुकली, पण आली नाही. मी दोन्ही हातांनी धरलं.

"ओढू नकोस, टकळे," ती म्हणाली. "बस. श्वास घे."

आवाज सावकाश, सपाट. मी ज्यांना रोज म्हणते ते किती घाबरत असतील, मला त्या दिवशी कळलं.

मी हात सोडले. टेबलाखाली वाकले. फार वेळ बघितलं नाही. चपला बाजूला काढून ठेवल्या होत्या, नीट, जोडीने. आणि माणूस उभा असो की बसलेला, टाच आणि फरशीच्या मधे एक रेष असते, बारीक, काळी. ती नव्हती.

मी उभी राहिले. ताईच्या खांद्यावरून कोपऱ्यात बघायचं नाही एवढं मला सुचलं, म्हणून वळून हॉलकडे बघितलं. समोर खिडकी, खिडकीत लखलखीत ऊन. आणि माझी सावली माझ्या पुढे पडली होती. खिडकीकडे. लांब, काळीभोर, पार टँकपर्यंत.

तिच्या शेजारून अजून एक सावली पुढे आली. ती ताईची नव्हती, ताई बसलेली होती. ती सावली बटव्यावरून सरकली, सोफ्यावर गेली, तिथे थांबली.

बटवा मिटला नाही. झालर तशीच उघडी, गच्च फुललेली. तिच्या काठावरचे सगळे काळे ठिपके पॅसेजकडे.

८

खारेकाकांना मी आडून आडून विचारलं, घट्ट धरलेला शिंपला चकतीवरून सोडवायचाच असेल तर. म्हणाले, पातळ पातं घालून एकेक धागा कापता येतो, पण हात थरथरता कामा नये आणि पायाला लागता कामा नये, आणि तो सुखात असेल तर तुला कशाला नसते उद्योग. पातं आणून ठेवलंय मी. धार चांगली आहे. माझा हात थरथरतो, तेवढा थांबला की करणारच आहे.

डॉक्टरला, मावशीला, कोणालाही आणू शकते, हे मलाही कळतं. पण येईल तो आधी ओढेल. माणसं तेच करतात. आणि मग ताई पुढे कितीतरी दिवस छान बोलेल, हसेल, सगळे म्हणतील बघ, झाली की नाही बरी.

मावशीला सांगितलंय पुढच्या रविवारी येतो. लॅबला कळवलंय, ताई येणार नाही.

ताई जेवते, बोलते, माझी थट्टा करते. रंग उजळलाय तिचा. झोपसुद्धा तिथेच, बसल्या बसल्या, मान कोपऱ्याकडे. मी कामावर जाते, येते, सोफ्यावर बसून तिच्याशी गप्पा मारते. आधी हॉलमधून ओरडून बोलावं लागायचं. आता लागत नाही.

आज झाडताना सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाशी फरशीवर दोन गोल ठसे दिसले. स्वच्छ, आजूबाजूला धूळ. सोफ्याचे पाय त्यांच्यापासून एक फरशी पॅसेजकडे होते, रेषेला लागून, सरळ. मी कुंचा घेऊन जरा उभी राहिले. मग ते ठसे पुसून काढले आणि बसले.

इथून कोपरा अजून काळाच दिसतो मला. पण सुरुवातीला कडेलाच ठेवतात, काकांनी सांगितलंय.